टगची मदत किती धरावी? जहाज हाताळण्याआधीचा आणि हाताळतानाचा हिशेब

टग म्हणजे मोठ्या जहाजाला ओढणारी आणि ढकलणारी छोटी, ताकदवान बोट. तिच्या प्रमाणपत्रावर ‘बोलार्ड पुल ६० टन’, म्हणजे ओढण्याची ताकद, असं लिहिलेलं असतं. ब्रिजवरचा (जहाज चालवतात त्या कक्षातला) माणूस दोन टग मोजतो, १२० टन हाताशी आहेत असं धरतो आणि निर्धास्त होतो. पण हा आकडा टग किनाऱ्यावरच्या बोलार्डला (दोर बांधायच्या खुंट्याला) बांधून, शांत आणि पुरेशा खोल पाण्यात, जागच्या जागी ओढायला लावून मोजलेला असतो. जहाज चालू लागलं, दोर तिरका झाला, लाट आली, की त्यातले किती टन जहाजापर्यंत पोचतील हे नव्याने मोजावं लागतं. त्यातला मोठा भाग टगमास्टरच्या हातात नसतो. जहाजाचा वेग ज्याच्या हुकमाने ठरतो, त्याच्या हातात असतो. म्हणून हे मार्गदर्शन टगवर काम करणाऱ्यांपेक्षा टगची मदत घेणाऱ्यांसाठी आहे: जहाजावरचे अधिकारी, मास्टर (कप्तान) आणि नवे पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवणारे).

पायरी १: आधी विरोधातलं बल मोजा

किती टग हव्यात हे जहाजाच्या लांबीवरून ठरवण्याची सवय सगळीकडे आहे. ती अपुरी आहे. त्याच लांबीचं भरलेलं टँकर आणि कंटेनर रचलेलं जहाज वाऱ्यात अगदी वेगळी वागतात.

वाऱ्यासाठी एक साधं सूत्र पुरतं. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा आणि १८ ने भागा. जहाजाच्या बाजूच्या दर १००० चौरस मीटर क्षेत्रफळावर साधारण तितके टन बल येतं. समजा ३०० मीटर लांबीचं कंटेनर जहाज आहे आणि पाण्यावरची सरासरी उंची २५ मीटर आहे, म्हणजे वाऱ्याला आडवं क्षेत्रफळ ७५०० चौरस मीटर. २० नॉटचा (ताशी २० सागरी मैलांचा) वारा थेट बाजूने आला तर सुमारे ४४ टन. २५ नॉटला ६९ टन. ३५ नॉटला १३५ टन. वारा दुप्पटही झालेला नाही, बल मात्र तिपटीवर गेलं. हिशेब करताना सरासरी वारा धरू नका, झोताचा वेग धरा, कारण जहाज धक्क्यापासून ३० मीटरवर असताना येणारा झोत सरासरीत दिसत नाही.

प्रवाहाचं बल याहून फसवं असतं. वर दिलेल्या जहाजाचा ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) १२ मीटर असेल आणि एका नॉटचा प्रवाह थेट बाजूने आला, तर खोल पाण्यात तीसेक टनांचा रेटा बसतो. हेच जहाज उथळ पाण्यात, तळाखाली ड्राफ्टच्या जेमतेम १० टक्के पाणी असताना उभं असेल, तर हा रेटा तिपटीहून अधिक होतो. पाण्याला खालून निघून जायला वाट उरत नाही, म्हणून ते जहाजाला ढकलत राहतं. अशा ठिकाणी प्रवाह मंदावण्याची वेळ गाठणं हे तिसरी टग मागवण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक असतं.

आता जडत्व. एक लाख टन विस्थापनाचं (एकूण वजनाचं) जहाज बाजूने धक्क्याकडे ०.३ मीटर प्रति सेकंद वेगाने सरकतंय, म्हणजे अर्ध्या नॉटहून थोडं जास्त. सोबत ओढलं जाणारं पाणी धरलं तर हलणारं वस्तुमान १ लाख ८० हजार टनांच्या घरात जातं. वारा-प्रवाहाला तोंड देऊन तुमच्याकडे निव्वळ ६० टन उरले असतील, तर जहाज थांबायला सुमारे दीड मिनिट आणि १४ मीटर लागतील. त्यात टगने ढकलणं सोडून ओढायला लागेपर्यंतचा वेळ धरलेला नाही. म्हणून वाऱ्याइतकेच टन आणून भागत नाही. त्यावर किमान चतुर्थांश राखीव हवेत, आणि मी तर त्याहून अधिक मागेन.

पायरी २: समोरची टग कोणत्या जातीची आहे ते ओळखा

बोलार्ड पुल सारखा असलेल्या दोन टग प्रत्यक्षात सारखं काम करतीलच असं नाही. दोन गोष्टी विचारा. ताकद निर्माण होते ती जागा कुठे आहे? आणि दोर टगला जिथून ओढतो ती जागा कुठे आहे?

पारंपरिक टगचा पंखा (प्रोपेलर) पिछाडीला असतो आणि टोइंग हुक (दोर अडकवायचा आकडा) मधल्या भागाच्या थोडा मागे. पुढे ओढायला ती चांगली. उलटी चालवली की ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि बाजूला सरकणं तिला जवळपास जमत नाही. ट्रॅक्टर टगचे ताकद देणारे युनिट पुढच्या भागात, तळाखाली असतात आणि दोर मागच्या बाजूने सुटतो. यात व्हॉइथ-श्नायडर पद्धतीची उभी फिरणारी पाती असलेली टग कोणत्याही दिशेला जवळजवळ सारखाच जोर देते आणि जोराची दिशा फार झटपट बदलते. मात्र तेवढ्याच अश्वशक्तीत तिचा बोलार्ड पुल ॲझिमथ टगपेक्षा (फिरत्या थ्रस्टरच्या, म्हणजे फिरवता येणाऱ्या पंख्यांच्या टगपेक्षा) कमी भरतो. आज बंदरांत सर्वाधिक दिसते ती एएसडी, म्हणजे पिछाडीला ३६० अंशांत फिरणारे दोन थ्रस्टर असलेली टग. ती सहसा आपल्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) दोर देते आणि नाळ जहाजाकडे ठेवून काम करते. उलट्या दिशेनेही तिची ९० टक्क्यांच्या आसपास ताकद टिकते. तीन थ्रस्टरची रोटर टग बाजूला सरकण्यात आणखी सरस.

हे ओळखणं पारंपरिक टगच्या बाबतीत जीवनमरणाचं आहे, त्यामुळे इथे थोडं थांबतो.

पारंपरिक टग दोरावर असताना जहाजाने वेग घेतला किंवा टगच्या उलट बाजूला वळण घेतलं, तर दोर टगच्या बाजूला काटकोनात येतो. टग आडवी ओढली जाते. पंखा मागे आणि दोर मधोमध, त्यामुळे ती स्वतःला दोराच्या रेषेत वळवूच शकत नाही. ती कलते, डेकची कड पाण्याखाली जाते आणि काही सेकंदांत उलटते. याला गर्टिंग म्हणतात. स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीत १९ डिसेंबर २००७ रोजी ‘फ्लाइंग फँटम’ ही टग धुक्यात ‘रेड जॅस्मिन’ या जहाजाला मदत करताना अशीच उलटली. चारपैकी तीन जण गेले. त्याच नदीवर ग्रीनॉकजवळ २४ फेब्रुवारी २०२३ रोजी ‘बायटर’ ही टग ‘हेब्रिडियन प्रिन्सेस’ या प्रवासी जहाजाच्या पिछाडीला बांधलेली असताना उलटली आणि तिच्यावरचे दोघेही गेले. दोर टगच्या पिछाडीजवळ धरून ठेवणारा गॉब रोप बांधलेला होता, पण तो टगला आडवं ओढलं जाण्यापासून वाचवू शकला नाही. दोर तातडीने सोडण्याचं बटण असतं, हे खरं. पण टग उलटायला जेवढे सेकंद लागतात तेवढ्यात माणसाने ते दाबणं आणि हुकने दोर सोडणं हे दोन्ही घडेलच यावर कुणीही विसंबू नये.

म्हणून पारंपरिक टग पिछाडीला असेल तर जहाजाचा वेग अतिशय कमी ठेवा, इंजिनाचा प्रत्येक हुकूम टगला आधी सांगा, आणि मोठा वळसा घेण्याआधी ती कुठल्या बाजूला आहे हे पाहूनच सुकाणू द्या. एएसडी किंवा ट्रॅक्टर टगला हा धोका कमी आहे. शून्य मात्र नाही.

पायरी ३: टग कुठे लावायची

जहाज उभं असेल तर ते साधारण मधल्या भागाभोवती फिरतं, आणि नाळेवरची टग आणि पिछाडीची टग सारख्याच उपयोगी. जहाज पुढे चालू लागलं की फिरण्याचा बिंदू पुढे सरकतो, नाळेपासून लांबीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरावर येतो. आता नाळेवरच्या टगला तरफेचा हात छोटा मिळतो, तर पिछाडीच्या टगला लांब. म्हणजे पुढे चालताना वळवण्याचं काम पिछाडीच्या टगला द्या. मागे जाताना हे उलटं होतं.

एकच टग मिळणार असेल आणि ती एएसडी किंवा ट्रॅक्टर असेल, तर मी ती पिछाडीला मधल्या फेअरलीडमधून (दोर बाहेर काढायच्या मजबूत वाटेतून) बांधेन. तिथून ती ब्रेक लावते आणि दोन्ही बाजूंना वळवतेही. त्याहून मोलाचं म्हणजे, टग मागे ओढत असताना जहाजाचं इंजिन पुढे मारता येतं. सुकाणूवर पंख्याचं पाणी येतं, जहाज ऐकतं, तरीही वेग वाढत नाही. अरुंद जागेत यासारखा दुसरा आधार नाही.

ढकलण्यासाठी टग लावताना जहाजाच्या बाजूला ‘टग’ अशी खूण रंगवलेली असते, तिथेच लावा. तिथे आतून मजबूत फ्रेम असतात. दोन खुणांच्या मधला पत्रा आत जाऊ शकतो. कंटेनर जहाजांची नाळ आणि पिछाडी वरून खूप बाहेर झुकलेली असते. तिथे टगचा मास्ट किंवा ब्रिज वर आदळण्याची भीती असते, म्हणून टगला मधल्या भागाकडे सरकावं लागतं आणि तरफेचा हात तेवढा घटतो. हे कागदावरच्या आराखड्यात सहसा दिसत नाही.

पायरी ४: टग बांधून घेताना

संपूर्ण कामातला सर्वांत धोक्याचा भाग हाच आहे असं माझं मत आहे, आणि जहाजावर त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

चालत्या जहाजाच्या नाळेजवळ पाण्याचा दाब जास्त असतो, खांद्यापासून मागे तो कमी होतो आणि तिथे टग आत खेचली जाते. नाळेकडे जाणारी टग आधी खेचली जाते, मग एकदम बाहेर ढकलली जाते, आणि चुकून नाळेच्या पुढे आडवी आली तर वाचायला वेळ उरत नाही. हे बल वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे ८ नॉटवर ते ६ नॉटच्या जवळजवळ पावणेदोन पट. ११ नोव्हेंबर २०१० रोजी नेदरलँड्समध्ये हुक व्हॅन हॉलंडजवळ ‘फेअरप्ले २२’ ही टग ‘स्टेना ब्रिटानिका’ या फेरीच्या नाळेवर जोराच्या वाऱ्यात बांधून घेताना उलटली. दोघे दगावले. ती पारंपरिक नव्हे, थ्रस्टरची टग होती.

तेव्हा टग पोचण्याआधी वेग पाण्यातून ६ नॉटच्या खाली आणा, ५ जमले तर उत्तम. इथे जमिनीवरचा वेग दाखवणाऱ्या जीपीएसवर जाऊ नका. समोरून प्रवाह असेल तर जीपीएस ४ दाखवेल आणि टग ६ नॉटच्या पाण्याशी झुंजत असेल. बांधून होईपर्यंत दिशा आणि वेग स्थिर ठेवा. बदल करावाच लागला तर आधी टगला कळवा. फॉरवर्ड आणि आफ्ट (पुढच्या आणि मागच्या) स्टेशनवरची माणसं टग येण्याआधी तयार हवीत, कारण हीव्हिंग लाइनची (आधी फेकायच्या बारीक दोरीची) वाट पाहत नाळेखाली घालवलेला प्रत्येक क्षण टगच्या माणसांच्या जिवावरचा असतो. हीव्हिंग लाइनच्या टोकाला लोखंडी वजन बांधू नका. खाली उघड्या डेकवर माणूस उभा असतो. टाकण्याआधी हाक द्या.

उंच लाटांत आणखी एक मर्यादा येते. लाटांची उंची दीड मीटरच्या पुढे जाऊ लागली की डेकवर काम करणं धोक्याचं होतं. ढकलणारी टग जहाजाच्या बाजूवर आपटू लागते, आणि दोरावर क्षणाक्षणाला ढिलाई आणि झटका येतो. बंदरात ६० टन देणारी टग बाहेर उघड्या पाण्यात त्यातला बराच भाग हरवते.

पायरी ५: दोर, कोन आणि जहाजाचे स्वतःचे बोलार्ड

टग ८० टन ओढू शकते, पण जहाजाच्या बोलार्डवर ५० टनांची मर्यादा कोरलेली असेल तर तुमच्याकडे ५० टनच आहेत. १ जानेवारी २००७ पासून बांधलेल्या जहाजांवर सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार टोइंग आणि मूरिंगच्या (ओढण्याच्या आणि बांधण्याच्या) फिटिंगवर सुरक्षित भाराची खूण असावी लागते आणि त्यांचा आराखडा जहाजावर असावा लागतो. पायलटशी होणाऱ्या माहितीच्या देवाणघेवाणीत हा आकडा तुम्ही आपणहून सांगा. पायलट विचारेल याची वाट पाहू नका.

दोराचा उभा कोन तितकाच महत्त्वाचा. उंच जहाजाच्या अगदी जवळ टग आखूड दोरावर असेल आणि दोर ४५ अंशांत उतरत असेल, तर आडव्या दिशेला ७१ टक्केच जोर मिळतो. ६० अंशांत निम्माच. बाकीचा जोर जहाजाला खाली आणि टगला वर ओढण्यात वाया जातो, फेअरलीडवरचा भार मात्र पूर्णच येतो. आखूड दोराचा दुसरा तोटा म्हणजे टगच्या पंख्यांचं पाणी जहाजाच्या बाजूवर आपटतं आणि जहाजाला उलट ढकलतं. तळाखाली पाणी कमी असेल तर हा तोटा आणखी वाढतो. टग जीव तोडून ओढतेय आणि जहाज हलत नाही असं दिसलं, तर जास्त जोर मागण्याआधी दोर लांब करायला सांगा.

हल्लीचे एचएमपीई या कृत्रिम धाग्याचे दोर हलके आणि अतिशय बळकट असतात, पण ताणले जात नाहीत. त्यामुळे झटका सरळ बोलार्डवर येतो. असा दोर तुटला तर त्याच्या रेषेत उभ्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही. टग काम करत असताना स्टेशनवरच्या माणसांनी दोराच्या आणि त्याच्या वळणाच्या रेषेपासून दूर राहावं, आणि हे अधिकाऱ्याने प्रत्येक वेळी तोंडी सांगावं.

पायरी ६: वेगानुसार अपेक्षा बदला

जहाजाचा वेग ३ नॉटच्या आत असेल तर कोणत्याही चांगल्या टगकडून जवळपास पूर्ण ताकदीची अपेक्षा ठेवता येते. ३ ते ५ नॉटमध्ये काटकोनात ढकलणारी टग आपली काही ताकद जहाजाबरोबर चालत राहण्यात खर्च करते. ६ नॉटच्या पुढे ती बाजूला चिकटून नुसती सोबत चालत असते. पारंपरिक टगचा आडवा जोर तर तोवर जवळपास संपलेला असतो. पायलट ‘फुल पुश’ म्हणतो, टगमास्टर ‘फुल पुश’ म्हणून उत्तर देतो, दोघेही खरंच बोलतात, आणि जहाजाच्या नाळेवर काहीच फरक पडत नाही. चूक त्या वेगाची आहे.

मागे ओढून ब्रेक लावण्याचंही असंच. वेग जास्त असताना थ्रस्टर थेट येणाऱ्या पाण्याविरुद्ध फिरवले तर इंजिनावर अतोनात भार येतो. अशा वेळी अनुभवी टगमास्टर दोन्ही थ्रस्टर एकमेकांविरुद्ध बाहेरच्या बाजूला वळवून पाण्याचा आडोसा करतो आणि त्यातून ब्रेक मिळवतो.

वेग वाढल्यावर उलट अधिक बल देणारी एक पद्धत आहे: इनडायरेक्ट टोइंग. पिछाडीला बांधलेली ट्रॅक्टर किंवा मोठ्या स्केगची (तळाखालच्या उभ्या फळीची) एस्कॉर्ट (जहाजासोबत चालणारी) टग पाण्याच्या प्रवाहाला तिरकी उभी राहते. बल देतो तो तिच्या तळावरून आणि स्केगवरून वाहणारा पाण्याचा झोत. ८ ते १० नॉटवर खास बांधणीच्या टगमध्ये हे बल तिच्या बोलार्ड पुलपेक्षा मोठं भरतं. म्हणूनच एस्कॉर्ट टगच्या चाचण्या ८ आणि १० नॉटवर घेतात. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर गेल्यावर अमेरिकेने १९९० च्या कायद्याने प्रिन्स विल्यम साउंडमध्ये तेलवाहू जहाजांबरोबर दोन टग असणं बंधनकारक केलं, त्यानंतर या पद्धतीवर जोमाने काम झालं. पण हे काम प्रशिक्षित टगमास्टर, योग्य टग आणि मजबूत फिटिंग असेल तरच. साध्या बंदर-टगकडून ९ नॉटवर हे मागणं म्हणजे तिला उलटायला सांगणं.

पायरी ७: हुकूम कसे द्यावेत

आधी टगचं नाव, मग काम, मग जोर. ‘डावीकडची टग’ असं म्हणू नका. नाळ जहाजाकडे ठेवून उलट्या तोंडाने चालणाऱ्या टगवरची डावी बाजू वेगळी असते. टगने हुकूम जसाच्या तसा परत उच्चारला नाही तर तो पोचला नाही असं समजा. स्थानिक भाषेत पायलट आणि टग बोलत असतील तर मास्टरने मधेच विचारावं, काय सांगितलं? त्यात कमीपणा नाही.

ढकलण्यावरून ओढण्यावर यायला टगला वेळ लागतो: मागे सरकायचं, दोर ताणायचा, मग हळूहळू जोर वाढवायचा. हुकूम त्या हिशेबाने लवकर द्या. टग सतत अर्ध्याहून अधिक जोरावर चालवावी लागत असेल, तर झोताला तोंड द्यायला हातात फारसं काही उरलेलं नाही. मी अशा वेळी पुढे जाण्यापेक्षा थांबून वारा पडायची वाट पाहणं पसंत करेन, आणि तो निर्णय वळण्याची जागा मागे पडण्याआधीच घ्यावा लागतो.

जहाज रुतलं असेल तर टगच्या संख्येवर भरवसा ठेवू नका. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात अडकलेलं ‘एव्हर गिव्हन’ सहा दिवसांनी सुटलं, तेव्हा दहाहून अधिक टग ओढत होत्या. तरीही नाळेभोवतीची हजारो घनमीटर वाळू उपसावी लागली आणि उधाणाची भरती यावी लागली.

पायरी ८: टग केव्हा आणि कशी सोडायची

धक्का सुटला, जहाज सरळ झालं, की टग सोडायची घाई होते. बाल्टिमोरमध्ये २६ मार्च २०२४ रोजी ‘डाली’ या जहाजाला धक्क्यावरून बाहेर काढणाऱ्या टग आधीच सोडलेल्या होत्या. त्यानंतर जहाजाची वीज गेली, ते पुलाच्या खांबावर आदळलं आणि पुलावर काम करणारे सहा कामगार गेले. टग असती तर काय झालं असतं हे सांगता येत नाही. पण पूल, अरुंद वळण किंवा खडक पुढे असेल तर निदान पिछाडीची टग तो भाग ओलांडेपर्यंत बांधलेली ठेवा, आणि तिला काम करता येईल इतकाच वेग ठेवा. १२ नॉटवर बांधलेली बंदर-टग कागदावर सोबत असते, प्रत्यक्षात तीच ओढली जात असते.

सोडताना हुकूम ब्रिजवरून येईपर्यंत स्टेशनवर कुणी दोराला हात लावू नये. टग आधी दोर ढिला करेल, मग दोराचा डोळा (टोकाचा फास) बोलार्डवरून काढा आणि मेसेंजर लाइनने (त्याला जोडलेल्या बारीक दोरीने) तो टगच्या डेकपर्यंत हळूहळू उतरवा. वरून सोडून दिलेला दोर टगच्या थ्रस्टरमध्ये किंवा तुमच्याच पंख्यात अडकतो. पिछाडीचा दोर पाण्याबाहेर आला, टग बाजूला झाली, असं आफ्ट स्टेशनकडून कळेपर्यंत इंजिनाला हात लावू नका.